खऱ्या चिठ्ठीतली फसवणूक

२८ एप्रिल २००६ रोजी फ्लोरिडा राज्यातल्या पाम बीच काउंटीच्या तुरुंगात रश लिंबॉ स्वतःहून हजर झाले. अमेरिकेतल्या रेडिओवरचा हा त्या काळातला सर्वांत गाजलेला राजकीय आवाज. फोटो काढला, बोटांचे ठसे घेतले, जामीन भरला आणि ते घरी गेले. एका डॉक्टरकडून वेदनाशामक गोळ्या लिहून घेताना दुसऱ्या डॉक्टरनेही तसल्याच गोळ्या दिल्या आहेत ही गोष्ट लपवली, असा त्यांच्यावर आरोप होता. सहा महिन्यांत चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर सुमारे २,००० गोळ्या, असा सरकारी वकिलांचा हिशेब. व्यसन जडल्याची कबुली लिंबॉ यांनी २००३ मध्येच आपल्या कार्यक्रमात देऊन टाकली होती, गुन्हा मात्र नाकारला. शेवटी तडजोड झाली: तपासाच्या खर्चापोटी ३०,००० डॉलर भरायचे, १८ महिने उपचार चालू ठेवायचे, मग आरोप मागे.

फ्लोरिडाचं ते कलम वाचण्यासारखं आहे. मागच्या ३० दिवसांत त्याच उपयोगाचं नियंत्रित औषध दुसऱ्या डॉक्टरकडून घेतलं असेल आणि रुग्णाने ते नव्या डॉक्टरला सांगितलं नसेल, तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे खोटं बोलायलाच हवं असं नाही, गप्प बसलं तरी पुरे. चिठ्ठी खरी, सही खरी, डॉक्टर खरा, कंबरदुखीही कदाचित खरी. तरी फसवणूक.

आणि याच पाम बीच काउंटीत चार वर्षांनी ‘अमेरिकन पेन’ नावाच्या दवाखान्यावर एफबीआयची धाड पडली. तिथे परगावच्या, परराज्यांतल्या लोकांच्या रांगा लागत. रोख पैसे घेऊन शेकडो गोळ्या हातात ठेवल्या जात. तिथल्या चिठ्ठ्यांवरही परवानाधारक डॉक्टरांच्याच सह्या होत्या. अमेरिकेतल्या राज्यांनी औषधचिठ्ठीच्या फसवणुकीविरुद्ध शंभर वर्षांत जे कायदे केले, त्यांची सगळी कहाणी या दोन प्रकरणांच्या मधल्या अंतरात आहे. कायद्याची नजर काउंटरपुढे उभ्या असलेल्या माणसावर होती. मोठा व्यवहार चालला होता टेबलापलीकडे.

हा विषय मुळात राज्यांचा का, ते आधी पाहू. अमेरिकेत डॉक्टरला परवाना देतं राज्य. १८८९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचा हा अधिकार पक्का केला. अफू, मॉर्फिन, कोकेन यांवरचा १९१४ चा केंद्राचा हॅरिसन कायदा रूपाने करांचा कायदा होता, कारण वैद्यकी व्यवसायात थेट हात घालण्याची केंद्राला त्या काळी सोयच नव्हती. ती पोकळी भरण्यासाठी १९३२ मध्ये सर्व राज्यांना उचलता येईल असा एक नमुना कायदा तयार झाला. त्यातलं फसवणुकीचं कलम इतकं ऐसपैस होतं की आजही ते बहुतेक राज्यांच्या पुस्तकांत थोड्याफार फरकाने सापडतं: लबाडीने, दिशाभूल करून, चिठ्ठी बनवून किंवा तिच्यात खाडाखोड करून, महत्त्वाची गोष्ट लपवून, खोटं नाव वा खोटा पत्ता सांगून अमली औषध मिळवायचं नाही. त्यालाच एक पुस्ती होती. अशा लबाडीसाठी रुग्ण डॉक्टरला जे सांगेल, ते डॉक्टर-रुग्ण गोपनीयतेत मोडणार नाही. १९७० मध्ये केंद्राने औषधांची पाच अनुसूचींत वर्गवारी केली. राज्यांसाठी नवा नमुना आला, पण कलमाचा गाभा तोच राहिला. सीडीसी, म्हणजे अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र. त्याने २०१२ मध्ये राज्यांचे कायदे मोजले, तेव्हा असं सर्वसाधारण कलम पन्नासही राज्यांत आणि राजधानीत होतं. लिंबॉ यांना लागलं तसलं ‘डॉक्टर शॉपिंग’चं वेगळं कलम २० राज्यांत होतं.

बनावट चिठ्ठीचे जुने प्रकार कोणत्याही केमिस्टला ठाऊक असतील. १० गोळ्यांच्या ४० करायच्या. डॉक्टरच्या टेबलावरचं कोरं पॅड उचलायचं. दवाखान्यातून बोलतोय असं सांगून फार्मसीला फोन करायचा. यावर राज्यांनी कागदाचा इलाज केला: फोटोकॉपी काढली की ‘रद्द’ अशी अक्षरं उमटणारा कागद, खोडलं की डाग पडणारी शाई, अनुक्रमांक. २००७ मध्ये केंद्राने मेडिकेड या गरिबांच्या आरोग्ययोजनेपुरता असा कागद सक्तीचा केला आणि राज्यांना आपापले नियम बदलावे लागले. पुढे कागदच गेला. डीईए या केंद्राच्या अमली औषधविरोधी खात्याने २०१० मध्ये नियंत्रित औषधांची चिठ्ठी संगणकावरून पाठवायला परवानगी दिली आणि २७ मार्च २०१६ पासून न्यूयॉर्कने जवळपास सगळ्याच चिठ्ठ्यांना ती सक्तीची केली. चोरलेल्या पॅडचा धंदा तिथे बसला. या कायद्यांबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही. छोट्या चोरीवर छोटा उपाय होता, आणि तो लागू पडला.

खरी गंमत त्याआधीच्या एका जुनाट कागदाची आहे. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने कडक अमली औषधांसाठी तीन प्रतींची सरकारी चिठ्ठी सुरू केली. एक प्रत डॉक्टरकडे, एक फार्मसिस्टकडे, तिसरी राज्याकडे. पुढे इलिनॉय, आयडाहो, न्यूयॉर्क, टेक्सास या राज्यांनीही ती घेतली. न्यूयॉर्कचा १९७२ चा कायदा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. रुग्णांचं, त्यांत लहान मुलांच्या पालकांचंही, म्हणणं असं की आमची नावं सरकारी संगणकात का? दर महिन्याला सुमारे एक लाख चिठ्ठ्या ऑल्बनी या राज्याच्या राजधानीला जात. तिथे त्या तिजोरीत ठेवत, भोवती तारेचं कुंपण आणि धोक्याची घंटा, आणि पाच वर्षांनी नष्ट करत. १९७७ मध्ये ‘व्हेलन विरुद्ध रो’ या निकालात न्यायालयाने एकमताने राज्याला कौल दिला. मात्र निकालातच एक नोंद आहे: पहिल्या २० महिन्यांत या साऱ्या माहितीचा उपयोग रुग्णांच्या अतिवापराच्या अवघ्या दोन तपासांत झाला. चोर पकडण्याचं यंत्र म्हणून पाहिलं तर हा पैशाचा अपव्ययच.

पण त्या तीन प्रतींचा खरा परिणाम कुणाच्या ध्यानात आला नव्हता, तो वीस वर्षांनी दिसला. परड्यू फार्मा ही कंपनी १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही अफूवर्गीय वेदनाशामक गोळी बाजारात आणणार होती. त्याआधी तिने डॉक्टरांच्या गटांशी बोलून चाचपणी केली. तीन प्रतींच्या राज्यांतले डॉक्टर म्हणाले, असली औषधं आम्ही शक्यतो लिहीतच नाही, ती भानगड कोण करणार, आणि तिसरी प्रत सरकारकडे जाते. कंपनीने त्या राज्यांत प्रचारावर कमी जोर दिला. अल्पर्ट, इव्हान्स, लीबर आणि पॉवेल या अर्थशास्त्रज्ञांनी कोर्टकचेऱ्यांतून उघड झालेली ही कागदपत्रं पुढे तपासली. त्यांना दिसलं की त्या पाच राज्यांत ऑक्सिकॉन्टिनचा खप सुरुवातीच्या वर्षांत इतरांच्या जवळपास निम्मा राहिला आणि अतिसेवनाचे मृत्यूही तिथे बरेच मंद गतीने वाढले. पुढच्या दशकभरात त्या राज्यांनी तीन प्रती बंद केल्या, तरी फरक टिकून राहिला. त्या कागदाने कुणाला तुरुंगात धाडलं नाही. सही करण्याआधी डॉक्टरचा हात क्षणभर अडवला, एवढंच. माझ्या मते या सगळ्या आढाव्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे आणि ती कोणत्याही विधिमंडळाने ठरवून केलेली नव्हती.

आता ‘डॉक्टर शॉपिंग’कडे परत येऊ, कारण राज्यांनी सर्वाधिक शक्ती तिथे खर्च केली. दारोदार डॉक्टर गाठणारा रुग्ण किती मोठा प्रश्न होता? मॅक्डोनल्ड आणि कार्लसन यांनी २००८ मधल्या देशभरातल्या विक्रीच्या नोंदी चाळल्या. ज्यांना खात्रीने ‘शॉपर’ म्हणता येईल असे रुग्ण अफूवर्गीय औषधं घेणाऱ्यांत ०.७ टक्के निघाले. प्रत्येकाने सरासरी १० डॉक्टरांकडून ३२ चिठ्ठ्या मिळवल्या होत्या. आकडा डोळे पांढरे करणारा आहे खरा, पण एकूण चिठ्ठ्यांत त्यांचा वाटा १.९ टक्के आणि औषधाच्या वजनात ४ टक्के. उरलेलं ९६ टक्के औषध या गटाबाहेरच्या रुग्णांच्या चिठ्ठ्यांवर घरोघर गेलं होतं. गोळ्यांचा गैरवापर करणाऱ्यांना त्या कुठून मिळाल्या याची सरकारी पाहणी वर्षानुवर्षं हेच सांगत आली की अर्ध्याहून अधिक लोकांना त्या मित्रांकडून किंवा नातेवाइकांकडून मिळाल्या, आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतल्या नाही तर भावाच्या अक्कलदाढेच्या उरलेल्या.

या शॉपरला हुडकायला राज्यांनी संगणकी नोंदवह्या उघडल्या. फार्मसीने दिलेल्या प्रत्येक नियंत्रित औषधाची नोंद राज्याकडे, आणि डॉक्टरने लिहिण्याआधी ती पाहायची. कल्पना चांगली, पण सुरुवातीला पाहणं ऐच्छिक होतं आणि डॉक्टर ते पाहतच नसत. दवाखान्यात रुग्णांची रीघ लागलेली असताना वेगळा पासवर्ड टाकून कोण बघतो? केंटकीने २०१२ मध्ये आपली ‘कॅस्पर’ ही नोंदवही पाहणं डॉक्टरांना सक्तीचं केलं. न्यूयॉर्कचा कायदाही त्याच वर्षीचा, अंमल २०१३ पासून. बुकमुलर आणि केरी यांनी मेडिकेअर या ज्येष्ठ आणि अपंगांच्या आरोग्ययोजनेच्या नोंदींवरून नंतर दाखवलं की जिथे सक्ती आहे तिथे डॉक्टर शॉपिंग घटतं, जिथे नोंदवही नुसती उघडून ठेवली आहे तिथे काहीच होत नाही. सही करणाऱ्याला बांधलं तर फरक पडतो, हे पुन्हा दिसलं.

मिझुरीची तऱ्हा और. तिथल्या सिनेटमध्ये रॉब शाफ नावाचे, स्वतः डॉक्टर असलेले सदस्य खाजगीपणाच्या मुद्द्यावर नोंदवही वर्षानुवर्षं अडवून बसले. अखेर सेंट लुइस काउंटीने २०१७ मध्ये स्वतःचीच वही काढली, शेजारच्या काउंट्या तीत सामील झाल्या, आणि राज्याचा कायदा आला जून २०२१ मध्ये. सगळ्यांत शेवटी. शाफ यांची चेष्टा करणं सोपं आहे. मी करणार नाही, कारण त्यांची भीती पोकळ नव्हती. ऑरेगॉनने आपल्या वहीसाठी नियम केला होता की पोलिसांना ती पाहायची तर न्यायालयाचा आदेश आणावा. डीईएने तो जुमानला नाही, आपल्या साध्या प्रशासकीय समन्सवर माहिती मागितली. २०१४ मध्ये खालच्या न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला, २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो उलटवला. न्यूयॉर्कमधल्या पालकांनी सत्तरीच्या दशकात विचारलेला प्रश्न, ‘आमची नावं तिथे का’, चाळीस वर्षांनीही मिटला नव्हता.

फ्लोरिडाला मात्र नोंदवहीने नव्हे, निराळ्या कायद्याने वाचवलं. तिथे डॉक्टर स्वतःच्या दवाखान्यातून गोळ्या विकू शकत होता. चिठ्ठी लिहिणारा आणि औषध विकणारा हात एकच. त्यावर ‘पिल मिल’, म्हणजे गोळ्यांच्या गिरण्या, उभ्या राहिल्या. केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनियाहून लोक गाड्या भरून येत. सीडीसीच्या अहवालानुसार २०१० मध्ये दवाखान्यातून सर्वाधिक ऑक्सिकोडोन (ऑक्सिकॉन्टिनमधलं मूळ औषध) विकणाऱ्या देशातल्या १०० डॉक्टरांपैकी ९८ एकट्या फ्लोरिडातले होते. राज्याने २०१० मध्ये वेदना-दवाखान्यांना नोंदणी सक्तीची केली, आणि २०११ मध्ये डॉक्टरांनी कडक अमली औषधं दवाखान्यातून विकण्यावर बंदी घातली. नोंदवहीही त्याच वर्षी चालू झाली, जरी गव्हर्नर रिक स्कॉट यांनी सुरुवातीला ती गुंडाळण्याचा बेत केला होता. २०१० ते २०१२ या काळात राज्यातले औषधांच्या अतिसेवनाचे मृत्यू ३,२०१ वरून २,६६६ वर आले आणि ऑक्सिकोडोनच्या मृत्यूंचं प्रमाण ५२.१ टक्क्यांनी घसरलं. दुकान बंद झालं, तशा रांगाही पांगल्या. त्या रांगांतल्या माणसांना शिक्षा करणारं कलम आधीपासून होतंच, त्याने रांग काही कमी झाली नव्हती.

इतक्यावर कुणी म्हणेल, मग कायदे चालतात. सगळे नाही. एलन मीरा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापलेला अभ्यास उतारा म्हणून वाचावा. २००६ ते २०१२ या काळात राज्यांनी या विषयावर ८१ कायदे नव्याने केले: डॉक्टर शॉपिंगबंदी, ओळखपत्राची सक्ती, आधी तपासणी मगच चिठ्ठी, न खोडता येणारा कागद, नोंदवह्या, वेदना-दवाखान्यांचे नियम. अपंगत्वामुळे मेडिकेअर मिळणाऱ्या प्रौढांत अफूवर्गीय औषधांचा धोकादायक वापर त्यांनी मोजला. कायद्यांची संख्या किंवा प्रकार यांचा त्या वापराशी काहीही संबंध दिसला नाही. ८१ कायदे म्हणजे ८१ विधेयकं, ८१ चर्चा, ८१ सह्या आणि तितकेच हसरे फोटो.

आणि जिथे कायदे ‘चालले’, तिथेही हिशेब पुरा होत नाही. देशभरात अफूवर्गीय औषधांच्या चिठ्ठ्या २०१२ मध्ये सुमारे २५.५ कोटी होत्या, २०२० मध्ये सुमारे १४.२ कोटी. त्याच काळात अतिसेवनाचे मृत्यू चढत गेले. १९९९ मध्ये ते १७ हजारांहून कमी होते, २०२२ मध्ये एक लाखाच्या वर. गोळी महागली, मिळेनाशी झाली, तसे व्यसनी लोक हेरॉइनकडे वळले आणि हेरॉइनमध्ये फेंटानिल हे त्याहून कितीतरी जहाल अफूवर्गीय औषध आलं. आज रस्त्यावर विकली जाणारी ‘ऑक्सी’ची निळी गोळी बहुतेक वेळा कुठल्या कारखान्यातली नसतेच, फेंटानिल दाबून केलेली नक्कल असते. तिला चिठ्ठी लागत नाही, त्यामुळे चिठ्ठीचा एकही कायदा तिला लागत नाही. पुरवठा आवळताना व्यसनमुक्तीच्या उपचारांची दारं तितक्याच वेगाने उघडली असती तर हे टळलं असतं का, याचं मला सरळ उत्तर देता येणार नाही. पण राज्यांनी आवळणं आधी केलं आणि दारं उशिरा उघडली, हे तारखांवरून स्पष्ट दिसतं.

मधल्यामध्ये भरडला गेला तो खरोखर दुखणं असलेला रुग्ण. २०१६ मध्ये सीडीसीने डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या सूचना होत्या, पण राज्यांनी त्यांना कायद्याची धार लावली. मॅसॅच्युसेट्सने त्याच वर्षी पहिल्या चिठ्ठीवर सात दिवसांची मर्यादा घातली, पुढे अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला. घाबरलेल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्यांच्या मात्रा झपाट्याने उतरवल्या. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला की असं एकाएकी थांबवणं जिवावर बेतू शकतं. २०२२ मध्ये सीडीसीने सूचना सैल केल्या. राज्यांच्या पुस्तकांतले आकडे इतक्या लवकर सैल होत नाहीत.

फसवणुकीच्या कायद्यांनी सर्वांत मोठी फसवणूक पकडली का, हा प्रश्न उरतो. ऑक्सिकॉन्टिनचं व्यसन इतर गोळ्यांहून कमी लागतं, असं डॉक्टरांना पटवून विकलं गेलं. त्याबद्दल परड्यूने २००७ मध्ये व्हर्जिनियातल्या संघीय न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि ६० कोटी डॉलरच्या आसपास भरले. कंपनीचा कुणीही अधिकारी तुरुंगात गेला नाही. इनसिस या कंपनीने तर डॉक्टरांना व्याख्यानांच्या मानधनाच्या नावाखाली लाच दिली, आणि विमा कंपन्यांना फोन करून रुग्णांना नसलेले आजार सांगून फेंटानिलचा फवारा मंजूर करून घेतला. फोनवरून खोटं सांगून औषध मिळवणं हे १९३२ च्या कलमातलं अगदी पाठ्यपुस्तकी उदाहरण. पण त्या कंपनीच्या अधिकाऱ्यांवर चालला तो माफियांसाठी केलेला संघटित गुन्हेगारीचा संघीय कायदा. तिचे भारतात जन्मलेले संस्थापक जॉन कपूर यांना २०२० मध्ये साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. राज्यांची कलमं एका गोळीसाठी खोटं बोलणाऱ्याच्या मापाची शिवलेली आहेत, कंपनीच्या अंगाला ती येत नाहीत.

सगळं पाहिल्यावर माझं मत असं. डॉक्टर शॉपिंगची फौजदारी कलमं राज्यांनी रद्द करावीत आणि तो रुग्ण नोंदवहीत दिसला की त्याला उपचाराकडे न्यावं. लिंबॉ यांना नामांकित वकिलांच्या बळावर जी तडजोड मिळाली, ती मुळात सर्वांनाच मिळायला हवी. नोंदवही सक्तीची राहावी, पण पोलिसांसाठी तिला न्यायालयाच्या आदेशाचं कुलूप हवं. लिहिणारा आणि विकणारा हात एक होऊ देऊ नये. अतिसेवनात मदतीसाठी फोन करणाऱ्यावर गुन्हा न लावण्याचा कायदा न्यू मेक्सिकोने २००७ मध्ये सर्वांआधी केला. या यादीत थेट जीव वाचवण्यासाठी केलेला तो बहुधा एकमेव.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आपल्याकडच्या आईबाबांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. गुडघेदुखीवर इथे सर्रास लिहिलं जाणारं ट्रॅमाडॉल तिथे २०१४ पासून आणि भारतातही २०१८ पासून नियंत्रित औषध आहे. न्यायचंच असेल तर मूळ पाकिटात, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह, स्वतःला लागेल तेवढंच न्यावं. तिथे शेजारणीची पाठ दुखते म्हणून त्यातली एखादी गोळी प्रेमाने काढून दिली, तर तो गुन्हा ठरतो. उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नयेत. अमेरिकेत दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये त्या परत घेण्याचा दिवस असतो, त्या दिवशी ठरलेल्या केंद्रावर त्या नेऊन द्याव्यात. तिथे कुणी नाव विचारत नाही.